दोन स्क्रूंची गोष्ट : गाडीच्या कार्बोरेटरचं सेटिंग घरच्या घरी



मागच्या भेटीत आपण गटाच्या हप्त्यांची वही कशी लिहायची ते पाहिलं. आज वही बाजूला ठेवायची आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. हसू नका. हा विषय हप्त्याच्या वहीतूनच निघालेला आहे.

आमच्या वाई तालुक्यातल्या एका गटाने गेल्या वर्षी एका ताईंना २८ हजारांचं कर्ज दिलं. त्यांनी जुनी, शंभर सीसीची मोटारसायकल घेतली. तीन वाड्यांवरचं दूध गोळा करायचं आणि सकाळी साडेसातच्या आत डेअरीवर घालायचं, असा त्यांचा धंदा. रोजचा फेरा ३६ किलोमीटरचा. चार महिने हप्ता वेळेवर आला. मग पावसाळा लागला आणि गाडी रुसायला लागली. सकाळी दहा-दहा किका माराव्या लागायच्या. चालू झालीच तर वळणावर वेग कमी केला की फट्‌कन बंद. दोन वेळा डेअरीचं संकलन संपल्यावर दूध पोचलं आणि कॅन तसेच परत आणावे लागले. त्या महिन्यात हप्ता चुकला.

गटाची बैठक कशी झाली असेल, हे तुम्हाला सांगायला नको. "बाईमाणसाने गाडी घ्यायलाच नको होती," असं एकीने बोलून दाखवलं, बाकीच्या गप्प बसल्या. ते कर्ज मंजूर करा म्हणून आग्रह मीच धरला होता. त्यामुळे त्या गप्प बसण्यात माझ्यावरचा रागही होता, तो मला कळत होता.

गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. "कार्बोरेटर गेला, नवाच टाकावा लागेल," असं उत्तर मिळालं. खर्च दोन हजारांच्या पुढे. दुधाचे पैसे बुडालेले, त्यात हे. तेव्हा ताईंच्या वाडीतले, एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेले एक मिस्त्रीकाका म्हणाले, "पैसे देण्याआधी गाडी अंगणात आणा. पण मी हात लावणार नाही. तुम्ही दोघी करायचं, मी नुसतं सांगणार." त्या दिवशी आम्ही जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगते.

कार्बोरेटर म्हणजे काय?

आपण चूल पेटवतो तेव्हा काय करतो? लाकडं ठासून भरली आणि वारा मिळाला नाही, तर नुसता धूर होतो. फुंकणीने हवा दिली की जाळ नीट धरतो. गॅसच्या शेगडीचंही तसंच. हवा बरोबर मिळाली तर ज्योत निळी, कमी पडली तर पिवळी आणि भांड्याचं बूड काळं. इंजिनातही तेच घडतं. पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनात पाठवणारी चूल-फुंकणी म्हणजे कार्बोरेटर.

हे प्रमाण वजनाने पाहिलं तर एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा असं असतं. हवा किती हलकी असते ते तुम्ही जाणताच. म्हणून एक लिटर पेट्रोल नीट जाळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. मोठ्या टँकरभर हवा म्हणा ना! एवढी सगळी हवा एका छोट्या फिल्टरमधून गाळून आत जाते. हे लक्षात ठेवा, कारण आमच्या गाडीचं खरं दुखणं तिथेच निघालं.

पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली की मेकॅनिक म्हणतात, गाडी 'रिच' चाललीय. सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काजळीने काळा आणि अ‍ॅव्हरेज कमी. याउलट हवा जास्त, पेट्रोल कमी झालं की 'लीन'. मग गाडी धक्के मारते, पिकअप घेत नाही, एक्सलेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो आणि इंजिन नको इतकं तापतं. रिच गाडी पैसे खाते, लीन गाडी इंजिन खाते. आपल्याला दोन्ही नकोत.

आधी आपली गाडी कोणती ते पाहा

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकली आणि स्कूटर कार्बोरेटरच्या नाहीतच. त्यांना फ्युएल इंजेक्शन असतं, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते आतला छोटा संगणक ठरवतो. अशा गाड्यांना सहसा चोकचा खटका नसतो आणि चावी फिरवली की मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा क्षणभर लागतो. तुमची गाडी अशी असेल तर आजचं सेटिंग तुमच्यासाठी नाही. फिल्टर आणि प्लगची माहिती मात्र तुमच्याही कामाची आहे.

आणखी एक. काही कार्बोरेटरमध्ये हवा-पेट्रोलच्या स्क्रूवर कंपनीने टोपण किंवा सील बसवलेलं असतं. ते प्रदूषणाच्या नियमासाठी असतं. ते फोडू नका. अशा गाडीत फक्त आयडलचा स्क्रू आपला.

स्क्रूला हात लावण्याआधी

काकांनी आम्हाला पहिला अर्धा तास कार्बोरेटरला हातच लावू दिला नाही. "ताप आलाय म्हणून लगेच सलाइन लावता का? आधी जीभ बघा, डोळे बघा," असं ते म्हणाले. तर बघायचं हे :

चोक पूर्ण बंद आहे ना? थंडीत चालू करताना ओढलेला चोक अर्धवट राहिला की गाडी दिवसभर जादा पेट्रोल पिते.

एअर फिल्टर स्वच्छ आहे का? बाजूचं झाकण उघडलं की तो सापडतो. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचे थोडे थेंब लावून, पिळून परत बसवायचा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, आतल्या बाजूने हवा मारून धूळ काढायची. तेल लावलेला कागदी फिल्टर असतो, तो साफ करत बसू नका, बदलाच. तुमच्या गाडीत कोणता आहे ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

प्लग कसा आहे? इंजिन पूर्ण गार झाल्यावरच प्लगपाना लावून काढा. टोकाचा रंग दुधाच्या चहासारखा तांबूस-तपकिरी असेल तर छान. कोरडी काळी काजळी असेल तर गाडी रिच. पांढराफटक असेल तर लीन.

एक्सलेटरची केबल मोकळी फिरते का? मूठ थोडी, साधारण दोन ते सहा मिलिमीटर, रिकामी फिरली पाहिजे. गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवा. वळवल्यावर इंजिनाचा आवाज आपोआप वाढला तर केबल ओढली जातेय, दोष कार्बोरेटरचा नाही.

कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या जोडाला चीर नाही ना? तिथून हवा आत शिरत असेल तर कितीही स्क्रू फिरवा, गाडी जागेवर येत नाही.

आमच्या ताईंच्या गाडीचा फिल्टर उघडला तेव्हा आत भाताचं तूस, चुलीची राख आणि पावसाची ओल यांचा काला झाला होता. गाडी रोज पडवीत चुलीशेजारी उभी असायची. बिचारीला श्वासच घेता येत नव्हता. बंद पडू नये म्हणून कुणीतरी आयडलचा स्क्रू आवळून ठेवला होता, म्हणजे दुखणं तसंच ठेवून वरून पेट्रोल जाळायचं. नव्या कार्बोरेटरचे दोन हजार तिथल्या तिथे वाचले. फिल्टर बदलला आणि मग सेटिंगला बसलो.

ही काळजी घ्यायचीच

गाडी उघड्यावर, सपाट जागी, मेन स्टँडवर. बंद पडवीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवून काम करायचं नाही. सायलेन्सरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, पण जीव घेतो. जवळ चूल, उदबत्ती, विडी काही नको. पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा, बांगड्या मागे सारा. सायलेन्सर तापलेला असतो, मुलांना लांब ठेवा. गिअर न्यूट्रलमध्ये. बिनगिअरची स्कूटर असेल तर स्टँडवरही मागचं चाक फिरू शकतं, म्हणून ब्रेक दाबून धरायला दुसरी बाई हवीच.

दोन स्क्रू ओळखा

कार्बोरेटरवर बाहेरून फिरवायचे स्क्रू दोन. मोठा, डोकं बाहेर आलेला, बहुधा स्प्रिंग असलेला तो आयडल स्क्रू. एक्सलेटर सोडल्यावर इंजिन किती वेगाने चालत राहावं, हे तो ठरवतो. त्याला चुलीची आच कमीजास्त करण्याचा खटका समजा. लहान, पितळी, खाचेत आत बसलेला तो हवा-पेट्रोलचा स्क्रू. आच कमी असताना जाळ निळा राहावा की पिवळा, हे त्याच्याकडे.

आता पायरीपायरीने.

पहिली पायरी. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा. गार इंजिनावर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर चुकतं.

दुसरी पायरी. गाडी बंद करा. लहान स्क्रू आता कुठे आहे त्याची खूण करा. आम्ही नेलपॉलिशचा ठिपका लावला. मग तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अगदी हलक्या हाताने आत घ्या आणि किती फेऱ्या बसल्या ते मोजा. टेकला की थांबा. समजा पावणेदोन फेऱ्या बसल्या. तो आकडा लिहून ठेवा आणि तेवढ्याच फेऱ्या उलट फिरवून स्क्रू होता तिथे आणा. काही बिघडलं तर परत यायची वाट आता आपल्याकडे आहे. बऱ्याच गाड्यांत हा आकडा दीड ते अडीचच्या दरम्यान असतो.

इथे माझी चूक सांगते. पुढे माझ्या स्वतःच्या गाडीवर हे करताना मी टेकल्यावरही एकदा दाबून पिळलं, बरणीचं झाकण घट्ट करावं तसं. त्या स्क्रूचं टोक सुईसारखं निमुळतं आणि मऊ पितळेचं असतं. ते दबलं. स्क्रू नवा आणावा लागला आणि दोन दिवस मी जीपने फिरले. म्हणून सांगते, दोन बोटांचीच ताकद, मनगटाची नाही.

तिसरी पायरी. गाडी चालू करा. मोठा स्क्रू थोडा आवळून इंजिनाचा वेग नेहमीपेक्षा जरासा वाढवा.

चौथी पायरी. आता लहान स्क्रू एका बाजूला पाव फेरी फिरवा, आणि थांबा. मनात दहा अंक मोजा. इंजिनाला बदल कळायला वेळ लागतो. आवाज ऐका. वेग वाढला तर त्याच दिशेला आणखी पाव फेरी. पडायला लागला, अडखळायला लागला, तर उलटीकडे या. असं करत करत एक जागा सापडते, जिथे इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं चालतं. तिच्या दोन्ही बाजूंना वेग उतरतो. तीच जागा आपली.

कोणत्या दिशेला फिरवलं की पेट्रोल वाढतं, असं तुम्ही विचाराल. ते गाडीगणिक वेगळं असतं. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, म्हणून आवळला की मिश्रण रिच होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, म्हणून सैल केला की रिच. पण कानाने जागा शोधायची पद्धत दोन्हीकडे एकच.

पाचवी पायरी. मोठा स्क्रू सैल करत वेग खाली आणा. इंजिन अडखळतं तिथपर्यंत न्या आणि मग किंचित वर घ्या. शंभर सीसीच्या गाड्यांचा आयडल साधारण मिनिटाला १४०० फेऱ्यांचा असतो. मीटर नसेल तर कानावर भरवसा ठेवा. दळणाची गिरणी लांबून ऐकली की पट्टा सरकतोय का ते आपल्याला कळतंच की.

सहावी पायरी. एक्सलेटर झटकन पिळून सोडा. इंजिनाने न अडखळता आवाज चढवला आणि सोडल्यावर बंद न पडता जागेवर आलं, तर जमलं. अडखळलं तर चौथी पायरी पुन्हा. मग रस्त्यावर फिरवून या.

घाट, पाऊस आणि इथेनॉल

आमचा भाग पसरणीच्या घाटाच्या खाली आणि वर असा दोन्हीकडे पसरलाय. खाली वाईला नीट चालणारी गाडी वर पाचगणीला जरा जड का वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. उंचीवर हवा विरळ असते. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल जवळपास तेवढंच सोडतो, म्हणून मिश्रण रिच होतं. त्यामुळे गाडी जिथे रोज चालते, तिथेच सेटिंग करा. भिलारच्या स्ट्रॉबेरीच्या शेतावर राबणारी गाडी वाईत बसून जुळवू नका.

दुसरं, हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. आपल्याच उसाची मळी आणि रस त्यात आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुनं सेटिंग त्यावर थोडं लीन पडतं. शिवाय ते ओल धरतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल काढून टाकलेलं बरं. इंजिन गार असताना, पेट्रोल कॉक बंद करून, खाली डबा धरून.

मेकॅनिककडे कधी जायचं?

कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत असेल, स्क्रू कितीही फिरवला तरी आवाजात काहीच फरक पडत नसेल, किंवा पळतानाच गाडी दम टाकत असेल, तर आतला फ्लोट, सुई नाहीतर जेट पाहावा लागतो. हे दोन स्क्रू फक्त कमी वेगाचं काम बघतात. तिथे घरी खोलत बसू नका. मात्र जाताना काय पाहिलं, काय केलं, किती फेऱ्यांवर स्क्रू आहे, हे सांगा. "गाडी बंद पडते" एवढंच म्हणणाऱ्या बाईला एक उत्तर मिळतं. "फिल्टर नवा आहे, प्लग काळा येतो, स्क्रू पावणेदोनवर आहे" म्हणणाऱ्या बाईला वेगळं मिळतं. सेटिंगनंतर पीयूसी तपासणीही करून घ्या. धुराचा आकडा बरोबर आला की आपलं काम बरोबर.

अ‍ॅव्हरेज मोजायचं असेल तर टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहा, चार दिवस चालवा, पुन्हा त्याच पंपावर पूर्ण भरा. जेवढे किलोमीटर झाले त्याला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागा. ताईंची गाडी आधी लिटरला ४१ देत होती, नंतर ५४ देऊ लागली. रोजच्या ३६ किलोमीटरच्या हिशोबाने महिन्याला सहा लिटरच्या वर पेट्रोल वाचलं. शंभर रुपये लिटर धरलं तरी सहाशे रुपये. बैठकीत मी हे आकडे वहीत मांडून दाखवले. चुकलेला हप्ता त्यांनी दोन भागांत भरला.

ज्या ताईंनी "बाईमाणसाने गाडी घ्यायलाच नको होती" असं म्हटलं होतं, त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या रविवारी मुलाची स्कूटर घेऊन त्या अंगणात हजर होत्या. "जरा बघा गं, पेट्रोल फार खाते," म्हणाल्या. त्यांच्याच हातात स्क्रू ड्रायव्हर दिला.

आता गटाचा एक पत्र्याचा डबा आहे. चपटा स्क्रू ड्रायव्हर, प्लगपाना, जुना दात घासायचा ब्रश, सुती फडकं आणि नेलपॉलिशची बाटली. सोबत वही. प्रत्येक गाडीचं एक पान : फिल्टर कधी बदलला, स्क्रू किती फेऱ्यांवर, अ‍ॅव्हरेज किती. हप्त्याची वही आपण लिहितो तशीच. तुमच्या गटातही असा डबा करा, फार खर्च नाही. आणि पहिल्यांदा करताना एकटीने करू नका. एकीने स्क्रू फिरवायचा, दुसरीने आवाज ऐकायचा, तिसरीने फेऱ्या लिहायच्या.

पुढच्या भेटीत पंक्चर कसं काढायचं ते पाहू. तोवर फिल्टरचं झाकण एकदा उघडून बघा. नमस्कार.